रिकाम्या गावाची दवंडी

रिकाम्या गावात दवंडी देणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. त्यांचं नाव उकंडा सरकटे. इंझोरीकडच्या ज्या साझ्यावर मी नवा तलाठी म्हणून रुजू झालो, त्या साझ्याचे ते कोतवाल. वाशिम जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. आम्ही सगळे अकोला जिल्ह्यातले. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. माझं लग्न व्हायचं होतं आणि एका भाड्याच्या खोलीत स्टोव्हवर खिचडी शिजवून मी दिवस ढकलत होतो.

साझ्यात सात गावं. चार नांदती, तीन बेचिराग. बेचिराग हा दप्तरातला शब्द. ज्या गावाला शीव आहे, नकाशा आहे, भोवती शेतं आहेत, पण राहतं घर एकही नाही, ते बेचिराग. लोक त्याला नुसतं रिठ म्हणतात. एखादं पटकीनं उठलेलं, एखादं पेंढाऱ्यांनी उठवलेलं, एखादं कशानं उठलं ते कुणालाच ठाऊक नसलेलं. अडाण नदीच्या खोऱ्यात अशी रिठं बरीच. वर्षातून एकदा तलाठ्यानं तिथे जाऊन यायचं आणि वहीत लिहायचं, 'वस्ती निरंक'. माझ्या आधीचे लोक हे काम चावडीत बसून, चहा पिता पिता उरकत. मीही तेच करणार होतो.

पहिल्याच महिन्यात जनावरांना लस टोचण्याचं परिपत्रक आलं. प्रत्येक मौजात दवंडी द्यावी, असं त्याच्या खाली छापलेलं होतं. चार दिवसांत चार गावांत दवंडी झाली. पाचव्या दिवशी सकाळी उकंडाजी माझ्या दारात उभे. अंगात खाकी कोट, त्यावर चिंचेनं घासून लखलखीत केलेला पितळी बिल्ला, पायात टायरच्या वाहणा, खांद्याला फडक्यात बांधलेली भाकर.

"चाला साहेब, जांभगव्हाणले जाऊ."

"तिथं कोन हाये?"

"कोनी नाई."

"मंग कायले जाचं?"

"दवंडी बाकी हाये ना."

म्हातारा नव्या साहेबाची फिरकी घेतोय असं मला वाटलं. पण ते चालायलाही लागले होते. दोन कोस वाट, मध्ये नदी. मांडीपर्यंत पाण्यातून पलीकडे गेलो तेव्हा समोर एक मोठी चिंच, गढीचा अर्धा ढासळलेला बुरूज आणि कमरेइतकं गवत दिसलं. गवतात कुठे दगडी जोतं, कुठे उखळ. मारुतीचा पार तेवढा धड होता. उकंडाजी पारावर चढले, उजवा तळवा कानामागे धरला आणि असा आवाज लावला की माझ्या अंगावर काटा आला.

"ऐका होऽऽ ऐका! मौजे जांभगव्हाणच्या समद्या रहिवाशांनो, ऐका! सरकारी हुकूम हाये. येत्या सोमवारी आपापली ढोरं घेऊन दवाखान्यात यावं. ढोरांले लस टोचाची हाये. मांगून तक्रार चालनार नाई होऽऽ!"

गवतातून एक टिटवी ओरडत उठली. मला हसू आवरेना. उकंडाजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते पारावर बसले, बिडी पेटवली आणि ती संपेपर्यंत बसून राहिले.

"आता काय?" मी विचारलं.

"कोनाले काई इचाराचं असलं तं? थांबा लागते थोडं."

बिडी संपल्यावर त्यांनी कोटातून कागद काढला. दवंडी दिल्याबद्दल माझी सही हवी होती. सही करताना मी म्हटलं, "उकंडा, हे येडेपन कायले करता?"

"यादीत नाव हाये ना गावाचं? मंग? उद्या कोनी म्हटलं का आमाले सांगतलंच नाई, तं काय जवाब देऊ?"

मी त्यांना 'उकंडा' म्हणत होतो, हे आज लिहिताना खटकतं. माझ्या बापाच्या वयाचे ते. गावातली शेंबडी पोरंही त्यांना 'उकंड्या' म्हणत आणि ते 'जी' म्हणून ओ देत. पुढे मी 'उकंडाजी' म्हणू लागलो तेव्हा ते पहिल्यांदा मागे वळून पाहायला लागले होते, दुसरं कोणी आलं की काय म्हणून.

त्यांच्या हातात डफडं का नाही, हे मी एकदा विचारलं. कोतवालाची दवंडी म्हटली की डफडं आलंच. ते म्हणाले, "छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलो आन् डफडं चुलीत घातलं. सुकं लाकूड व्हतं, बरं जळलं. थे गावकीचं व्हतं. दवंडी सरकारची हाये, थे सोडली नाई." तेव्हापासून त्यांची दवंडी नुसत्या गळ्यावर. बायको वारलेली, एकुलता एक मुलगा भुसावळला रेल्वेत. बौद्धपुऱ्यातल्या घरात ते एकटेच राहत. दिवसातून जेवढं बोलायचं तेवढं ते दवंडीतच बोलून घेत असावेत, असं मला कधी कधी वाटे.

रिठात शिरलं की त्यांचं चालणं बदले. एरवी तुरुतुरु चालणारा माणूस एकदम सावकाश होई, आणि मोकळ्या रानात सरळ जायचं सोडून काटकोनात वळण घेई. मी गवत तुडवत सरळ निघालो की मागून आवाज येई, "ओ साहेब, घरातून काहून चालले? गल्लीनं चाला ना!" मला ना घर दिसे ना गल्ली. त्यांना सगळं दिसे. इथे पाटलाचं माजघर, इथे तेल्याचा घाणा, इथे सुताराचं अंगण. कुणाच्या माजघरातून वाहणा घालून जाणं त्यांना खपत नसे. मग मीही वळणं घेत त्यांच्या मागे चालायला शिकलो. बारवेपाशी आलो की पाणी घेण्याआधी ते एक खडा आत टाकत आणि त्याचा आवाज येईपर्यंत थांबत. पायऱ्यांवर साप असला तर त्याला निघून जायला वेळ मिळावा, एवढंच त्यामागे होतं, पण करत मात्र मोठ्या अदबीनं.

जेवायची जागा ठरलेली. गढीच्या पायथ्याशी पाटलाच्या बैठकीचा दगडी ओटा शाबूत होता. नेमके त्यावर मांडी ठोकून ते भाकर सोडत. भाकर, तिखटाचा गोळा आणि कांदा. खाऊन झालं की ओट्यावरून हात फिरवत म्हणत, "माहा बाप या ओट्याच्या खाली उभा राहे, लोकं सांगत. जोहार घाले. आता बसलो तं कोनी उठवत नाई. उठवाले कोनी पायजे ना पन!" आणि हसत. त्या हसण्यात मला सामील होता येत नसे. मी शेतकरी कुणब्याच्या घरचा, रिठदकडचा. असा एक ओटा आमच्याही घराला होता.

उठलेलं गाव वाचायचं कसं, हे त्यांनी मला शिकवलं. चिंच असेल तिथे गढी नाहीतर देऊळ. निवडुंगाची रांग म्हणजे परसाचं कुंपण. धोतरा दाट उगवला म्हणजे खाली राख आणि शेण. "उकिरडा शंभर वर्सं लपत नाई साहेब. माहं नावच उकंडा, मले नाई समजनार तं कोनाले?" आधीची दोन लेकरं गेली म्हणून तिसऱ्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि हे नाव दिलं, की यमाला वाटावं टाकाऊच पोर आहे. आमच्याकडे घरटी एक उकंडा सापडतो. हा उकंडा मात्र जांभगव्हाणचा शेवटचा. मानमोडीची, म्हणजे अठरा सालच्या तापाची, साथ आली, त्या साली त्यांचा जन्म. आठवड्याभरात गावात रोज माणसं मरू लागली आणि उरलेलं गाव उठलं. बाप साथीत गेला. आईनं बारा दिवसांचं पोर टोपलीत घालून नदी ओलांडली. त्यानंतर जांभगव्हाणात कुणी जन्मलं नाही.

हे सगळं मला कळलं ते कामरगावच्या एका आजींमुळे. म्हातारी एस.टी.नं आली, फाट्यावरून एका शेतकऱ्याच्या बैलबंडीत बसून चावडीत पोचली आणि म्हणाली, "मले माहं माहेर पाहाचं हाये. डोये जाऊन राह्यले. जाच्या आंधी एकदा पाहून घेतो." माहेर म्हणजे जांभगव्हाण. सहा-सात वर्षांची असताना ते सुटलं होतं. मी उकंडाजींकडे पाहिलं. त्यांनी कोट चढवला आणि बिल्ला बाहीनं पुसला.

नदीत पाणी घोट्याएवढं होतं. आजींनी त्यांचा हात धरला होता. पारापाशी पोचल्यावर उकंडाजींनी एकेक विचारायला सुरुवात केली. दारात उभं राहिलं तर ऊन तोंडावर येई की पाठीवर? बारवेवरून घागर आणायला चढ होता की उतार? मारुतीची घंटा घरात ऐकू येई का? म्हातारी डोळे मिटून उत्तरं देई आणि ते गल्लीगल्लीनं तिला नेत. शेवटी एका जोत्यापाशी थांबून त्यांनी काठीनं गवत बाजूला केलं. खाली उंबऱ्याचा दगड निघाला, मधोमध झिजलेला. म्हातारी त्यावर बसली. पदरानं दगड पुसला. मग डोळे टिपत म्हणाली, "बापा, तुमी माह्यासाठी लय केलं. तुमचं घर कोनतं इथलं?"

"आमी खालतं," उकंडाजी म्हणाले आणि नदीच्या बाजूला हात केला. सगळ्या खालच्या अंगाला मिळून एकच हात.

म्हातारीला समजलं. तिनं क्षणभर खाली पाहिलं, मग म्हणाली, "तिकडं आमाले जाऊ नसत देत रे बापा. म्हनून मी कदी पाहलंच नाई. नाईतं आज सांगतलं असतं." तिच्या आवाजात खरंच वाईट वाटल्याचं होतं. परतताना तिनं पुन्हा त्यांचा हात धरला.

तिची एस.टी. गेल्यावर उकंडाजी फाट्यावर नुसतेच उभे राहिले. आणि तिथे, रस्त्याच्या कडेला, त्यांनी मला सांगितलं. जुन्या माणसांना विचारून विचारून समद्या गावाची घरं ते दाखवू शकत होते, एक आपलं सोडून. पाटलाचं घर दगडी जोत्याचं, तेल्याचं विटांचं, सुताराचंही निदान चौथऱ्याचं. त्यांच्या लोकांची घरं कुडाची, वर गवत. दोन पावसांत मातीला मिळाली. खूण म्हणून एक दगड राहिला नाही. पोरपणी आईनं एकदा त्यांना तिकडे नेलं होतं.

"बोट करून दाखवलं तिनं मले. थे पाय, म्हने, आपलं घर. मी लहान व्हतो, साहेब. तिचं बोट आठवते, बोटातली जस्ताची आंगठी आठवते. पन बोट कुठी दाखवत व्हतं, थे नाई आठवत. मंग ते मेली."

पस्तीस-चाळीस वर्षं हा माणूस ते बोट शोधत होता. दवंडी हे निमित्त. दर खेपेला पारावरून उतरला की तासभर नदीच्या खालच्या अंगाला फिरून येई, काठीनं माती उकरी. मला आजवर वाटलं होतं, म्हातारा परसाकडे जातो.

"जुन्या नकाशात असंन," ते म्हणाले. "कागदात असतेच. तीन पटवाऱ्यांले सांगतलं. कोनी पाहलं नाई."

मी पाहतो म्हटलं आणि विसरलो. माझं लग्न ठरत होतं. आठवण झाली ती धरणाची बातमी आल्यावर. दुष्काळी कामावर सुरू झालेला मातीचा बांध आता मोठा होणार होता आणि खोऱ्यातली बरीच जमीन बुडणार होती. बुडणाऱ्यांच्या यादीत आमची दोन नांदती गावं निम्मी-निम्मी होती, आणि जांभगव्हाण पूर्ण. नांदत्या गावांत बैठका झाल्या, अर्ज गेले, पुढारी आले. जांभगव्हाणाबद्दल कोण बोलणार? एक दिवस चावडी झाडता झाडता उकंडाजी एवढंच म्हणाले, "साहेब, आता एखाद-दोन वर्संच हायेत. थो नकाशा."

मी तालुक्याच्या दप्तरखान्यात गेलो. दोन दिवस धूळ खाल्ली तेव्हा तो कापडावर चिकटवलेला नकाशा मिळाला. किती सुरेख हात होता मोजणीदाराचा! गढीचे चारही बुरूज. मारुतीचं छोटं त्रिकोणी चिन्ह. बारव, तिच्या पायऱ्यांसकट. चिंचेचं झाडसुद्धा काढलेलं. गल्ल्या उकंडाजी चालत तशाच, काटकोनात. मी खालच्या अंगाला बोट नेलं. तिथे काहीच नव्हतं. कोरं कापड, आणि पलीकडे एकदम नदी. मोजणीदाराची साखळी तिथवर गेलीच नव्हती.

आता जे मी केलं ते दयेपोटी केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला त्यांना 'नाही' सांगायचा धीर झाला नाही. मी नकाशाची नक्कल काढली आणि तिच्यात लाल शाईनं एक चौकोन भरला, त्यांच्या वस्तीसाठी 'वाडा' असं बारीक लिहून. जागा निवडताना मी मात्र मन लावून निवडली. नदी वळते तिथे वरच्या अंगाला एक उंचवटा होता, त्यावर जुनं कवठाचं झाड. पुराचं पाणी चढणार नाही, वारा चांगला, बारव जवळ. माझं स्वतःचं घर बांधायचं असतं तर मी तिथेच बांधलं असतं.

नक्कल उकंडाजींनी दोन्ही हातांनी घेतली. रात्रशाळेत अक्षर शिकलेला माणूस. 'वाडा' एवढा शब्द त्यांनी तीनदा वाचला. दुसऱ्याच दिवशी आम्ही जांभगव्हाणला. त्या दिवशी दवंडी नव्हती, तरी बिल्ला घासलेला होता. ते पारावर थांबले नाहीत. नकाशा दिशेला लावला, पावलं मोजली आणि कवठाखाली जाऊन उभे राहिले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग नदीकडे पाहिलं, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते. आणि हसले.

"साहेब, हे तुमी काढलं."

मी वर कवठाकडे पाहू लागलो.

"हे पान्याच्या वरतं हाये, साहेब. गाव पानी भरे थे खालतं. आमी इथं राह्यलो असतो तं आमचं पानी वाहून पाटलाच्या घागरीत गेलं असतं. आमाले इथं कोन बसू देलं असतं?"

एवढी साधी गोष्ट! जन्मभर नदीकाठी वाढलो, माझ्या गावीही बौद्धपुरा पाण्याच्या खालच्याच अंगाला होता, आणि मला ती कधी दिसली नव्हती. दिसायची गरजच पडली नव्हती. मी मान खाली घातली. मला वाटलं आता ते नकाशा माझ्या तोंडावर फेकतील, आणि फेकला असता तर बरं झालं असतं.

"तुमच्या आज्यानं वसवाले पायजे व्हतं हे गाव," ते म्हणाले.

माझ्या आज्यानं काय केलं असतं, ते मला पुरतं ठाऊक होतं. त्यांनाही असावं.

"चुकलं माहं," मी म्हणालो. "नकाशात काहीच नाई, उकंडाजी. खालतं कोरंच हाये. द्या, फाडून टाकतो."

"फाडू नका." त्यांनी कागदाची घडी केली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि कवठाच्या बुंध्याशी टेकून बसले. मग म्हणाले, "खरी जागा तं भेटत नाई. चाळीस वर्सं पाहली. आता खोटीच घ्याची तं वाईट कायले घ्या? हे चांगली हाये. हवा हाये."

त्यानंतर ते खालच्या अंगाला फिरकले नाहीत. त्यांचा सगळा ओढा वरच्या कवठाकडे. पुढच्या खेपेला मी गेलो तर तिथली जागा झाडून लख्ख केलेली. नदीतले तीन गोल दगड आणून चूल मांडलेली. चुलीत खरोखरच राख होती. रविवारी एकटेच येऊन बसत असले पाहिजेत. माझ्याकडे न पाहता त्यांनी काटक्या पेटवल्या, जर्मनच्या गंजात, म्हणजे छोट्या पातेल्यात, पाणी ठेवलं, गूळ आणि चहाची पूड टाकली.

"घरी आले तं चहा घ्या, साहेब."

मी घेतला. दोन वर्षं मी त्या माणसाबरोबर हिंडत होतो, आणि गावात त्यांच्या घरचा चहा एकदाही प्यालो नव्हतो. त्यांनी कधी बोलावलं नाही, मी कधी गेलो नाही. घरमालक काय म्हणेल, गाव काय म्हणेल, हे दोघांनाही न बोलता माहीत होतं. इथे पाहायला कुणी नव्हतं, म्हणून मी प्यालो. हे लिहिताना मला आज लाज वाटते. चहा फार गोड होता.

धरणाची घळभरणी, म्हणजे बांधात नदीसाठी ठेवलेली वाट बुजवणं, ठरली आणि बुडणाऱ्या मौजांना छापील नोटिसा आल्या. मार्चअखेरच्या आत गाव खाली करावं. गावाच्या नावाची जागा तेवढी हातानं भरलेली. कुणा कारकुनानं यादी समोर ठेवून एकामागून एक भरली असणार, कारण जांभगव्हाणचीही होती. दोन्ही नांदत्या गावांची दवंडी उकंडाजींनी दिली. दोन्हीकडे बायका रडल्या. एका ठिकाणी एकानं त्यांच्याच अंगावर दगड मारला, जसं काही धरण त्यांनीच बांधलं होतं. कपाळावर हळद दाबून दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात उभे राहिले.

"चाला. जांभगव्हाण राह्यलं."

नदी पाटाएवढी आटलेली. पळसाला फुलं आलेली. पारापाशी आलो तेव्हा ते वर चढले नाहीत. कोट काढला, त्याचा बिल्ला काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"आज तुमी आवाज द्या, साहेब. मी ऐकतो."

"मी? मले नाई जमनार, उकंडाजी."

"जमते. मीच देलं तं मले कोन सांगनार? इथला रहिवासी हाये ना मी. यादीत नाव नसंन, पन हाये." आणि ते गल्लीनं वळणं घेत निघून गेले. थोड्या वेळानं दूर कवठाखाली पांढऱ्या बंडीतलं त्यांचं अंग बसलेलं दिसलं.

मी पारावर चढलो. तळवा कानामागे धरला. आमच्या घरात कुणी कधी दवंडी दिली नव्हती. आमचं काम नुसतं ऐकायचं. पहिली हाक पारावरच पडली. तिकडून आवाज आला, "मोठ्यानं, साहेब! घर लांब हाये!"

मग मी ओरडलो. "ऐका होऽऽ ऐका! मौजे जांभगव्हाणच्या समद्या रहिवाशांनो, ऐका! धरणाचं पानी येऊन राह्यलं. मार्चअखेरच्या आत गाव खाली करा. आपापलं सामान घेऊन निंघा. मांगून तक्रार चालनार नाई होऽऽ!"

शेवटच्या वाक्याला माझा आवाज फाटला. टिटवी याही वेळी उठली. मी पारावरून उतरलो नाही. बिडी ओढत नव्हतो, तरी एक बिडी संपेल एवढा वेळ थांबलो. कोणाला काही विचारायचं असलं तर थांबावं लागतं. आणि खरंच, गल्लीच्या तोंडाशी उकंडाजी आले. रानातून घाईनं आलेल्या माणसासारखा चेहरा करून त्यांनी विचारलं, "कदीलोक म्हनता, साहेब?"

"मार्चअखेर."

"बरं," ते म्हणाले. "ऐकलं."

परत कवठाकडे गेले. मी लांबून पाहत होतो. त्यांनी चुलीतली राख दोन्ही हातांनी भरून बाजूला केली. तिन्हींतला एक दगड उचलला, फडक्यात बांधला आणि खांद्याला अडकवला. बाकीचे दोन तसेच राहू दिले. मी हाक मारून विचारलं, तेही घ्यायचे का, मी आणतो.

"ऱ्हाऊ द्या. पानी कदी उतरलंच तं कोनाले दिसंन, इथं घर व्हतं म्हनून."

बिल्ला माझ्या हातात होता. ते तो न घेताच निघाले. मी सरळ गेलो असतो तर त्यांच्या आधी नदीवर पोचलो असतो, पण मध्ये पाटलाचं माजघर होतं, सुताराचं अंगण होतं. मी गल्लीनं गेलो. काठावर पोचलो तोवर ते पलीकडच्या चढाला लागले होते, एका खांद्यावर कोट, दुसऱ्यावर दगड, आणि त्या दगडाच्या बाजूनं किंचित कललेले. मागे वळून त्यांनी पाहिलं नाही.